इलेक्ट्रोकोटिंग : टाकीआधीचे काम आणि टाकीनंतरचे प्रश्न

धातूच्या भागांवरील संरक्षक लेपांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी केवळ इलेक्ट्रोकोटिंगचे, म्हणजे कारखान्यांत ईडी (इलेक्ट्रोडिपॉझिशन) किंवा सीईडी (कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन) कोटिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे, प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक तक्रारींचा रोख रंगाच्या टाकीवर आहे. परंतु त्या बारकाईने वाचल्यास दोषाचे मूळ बहुधा टाकीच्या आधी, म्हणजे भागाच्या रचनेत, कापणीत किंवा धुलाईत असल्याचे दिसते. त्यामुळे उत्तरांतही तिकडेच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : पाण्यात मिसळलेल्या रंगात भाग बुडवून वीज सोडली की रंगाचे कण धातूकडे ओढले जाऊन चिकटतात, असे आम्हाला शिकवले जाते. नुसत्या ओढीने इतका घट्ट थर कसा बसतो? आणि इलेक्ट्रोप्लेटिंगहून ही क्रिया नेमकी कुठे वेगळी आहे? (पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

उत्तर : आपल्याला शिकवले गेले ते चूक नाही, पण अर्धेच आहे. टाकीतील द्रवात बहुतांश पाणीच असते. रेझिन (थर बनवणारा राळेसारखा पदार्थ) आणि पिगमेंट (रंग देणारी पूड) मिळून घन पदार्थ साधारण १५ ते २० टक्के असतात. कॅथोडिक पद्धतीत वापरले जाणारे इपॉक्सी रेझिन मूळचे पाण्यात न मिसळणारे असते. त्याला अमाइन गट जोडलेले असतात आणि अॅसेटिक किंवा लॅक्टिक आम्लासारखे सौम्य आम्ल घातल्यावर त्या गटांवर धन प्रभार येतो. या प्रभारामुळेच रेझिनचे सूक्ष्म कण एकमेकांना दूर ठेवत पाण्यात तरंगत राहतात. भाग ऋण अग्राला, म्हणजे कॅथोडला, जोडला जातो, टाकीच्या कडांना धन अग्रे असतात आणि त्यांच्यामध्ये साधारण २०० ते ४०० व्होल्टचा एकदिश दाब दिला जातो.

थर बसण्याचे खरे कारण भागाच्या पृष्ठभागालगत घडते. तेथे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. परिणामी एरवी किंचित आम्लधर्मी असलेला द्रव भागाला लागून असलेल्या अत्यंत पातळ पट्ट्यात तीव्र अल्कधर्मी होतो. त्या पट्ट्यात आलेल्या रेझिनच्या कणावरील प्रभार नाहीसा होतो, त्याला पाण्यात राहणे अशक्य होते आणि तो पृष्ठभागावर साचतो. म्हणजे वीज रंगाला केवळ वाहून आणत नाही. तो जेथे साचायचा तेथील रासायनिक परिस्थितीच ती बदलून टाकते. त्यानंतर विद्युत्‌परासरणाने या कोवळ्या थरातील पाणी बाहेर ढकलले जाते, आणि म्हणूनच भट्टीत जाण्यापूर्वीही हा थर पाण्याच्या फवाऱ्याने धुतला तरी निघत नाही.

साचलेला थर विजेला अडवतो, हा या पद्धतीचा सर्वांत उपयोगी गुण आहे. बाहेरचा पृष्ठभाग आधी झाकला जातो, तेथील प्रवाह घटतो आणि वीज अजून उघड्या असलेल्या आतील कोपऱ्यांकडे वळते. त्यामुळे २ ते ३ मिनिटांत बहुधा १५ ते ३० मायक्रॉनचा, बऱ्यापैकी एकसारखा थर मिळतो. त्याहून अधिक वेळ भाग बुडवून ठेवला तरी जाडी फारशी वाढत नाही, ती प्रामुख्याने व्होल्टेजने वाढते. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये धातूचे आयन पुन्हा धातू होऊन बसतात. तो थर स्वतः वाहक असल्यामुळे प्रवाह चालू आहे तोवर वाढत राहतो आणि कडांवर अधिक चढतो. इलेक्ट्रोकोटिंगमध्ये बसतो तो सेंद्रिय बहुवारिक आणि त्याला पक्केपणा येतो तो भट्टीत: धातूचे तापमान १६० ते १८० अंश सेल्सिअसवर सुमारे २० मिनिटे राहिले की रेझिनसोबतचे, तोवर बंदिस्त ठेवलेले आयसोसायनेट मोकळे होते आणि रेझिनच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात.

पहिल्या पिढीत, म्हणजे १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांच्या पुढाकाराने मोटारींच्या भागांसाठी ही पद्धत आली तेव्हा, भाग धन अग्राला जोडला जात असे. धन अग्रावर लोखंड स्वतःच थोडे विरघळते, त्याचे आयन थरात अडकतात आणि रंग नीट धरावा म्हणून त्याआधी चढवलेला खालचा फॉस्फेटचा थरही दुखावतो. १९७० च्या दशकात कॅथोडिक रंग उपलब्ध झाले आणि गंजरोधातील फरक इतका स्पष्ट होता की मोटारींच्या सांगाड्यांसाठी पाहता पाहता तीच पद्धत रूढ झाली.

प्रश्न : लेझरने कापलेल्या पोलादी पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही बाहेरून सीईडी करून घेतो. सपाट भाग स्वच्छ राहतो, मात्र काही महिन्यांतच कापलेल्या कडेवरून गंजाची रेघ उमटते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. कोटिंग करणारे म्हणतात की जाडी २२ मायक्रॉन भरते, त्यामुळे त्यांचे काम बरोबर आहे. दोष कोणाचा मानावा? (लघुउद्योजक)

उत्तर : जाडी सपाट भागावर मोजली असेल, तर तो आकडा खरा असूनही आपल्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही. रंग पापुद्र्यासारखा सुटतो हा तपशील महत्त्वाचा आहे. ऑक्सिजनच्या झोताने लेझर कटिंग केल्यास कापलेल्या कडेवर लोखंडाच्या ऑक्साइडची काळसर, ठिसूळ पापडी राहते. नेहमीच्या अल्कली डिग्रीसिंगने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या धुलाईने, ती निघत नाही आणि तिच्यावर फॉस्फेटचे स्फटिकही नीट वाढत नाहीत. रंग पापडीला घट्ट धरतो, पण पापडी पोलादाला धरत नाही. हादरा बसला किंवा आत ओल शिरली की दोन्ही एकत्रच निघून येतात. सुटलेला तुकडा उलटून पाहावा. रंगाच्या मागच्या बाजूला करडा-काळा थर चिकटलेला दिसला, तर शंकेला जागा उरत नाही.

यावर उपाय दोन आहेत. कटिंगसाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन वापरावा, म्हणजे पापडी तयारच होत नाही. अथवा कोटिंगपूर्वी कडा घासून किंवा ब्लास्टिंगने (बारीक कणांच्या माऱ्याने) साफ कराव्यात. आम्लात पिकलिंग करूनही, म्हणजे भाग आम्लात बुडवूनही, पापडी निघते. तथापि उच्च ताकदीच्या पोलादात त्यामुळे हायड्रोजन शिरून भाग ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून तो मार्ग पोलादाची जात पाहिल्याशिवाय निवडू नये.

दुसरे कारण कडेच्या आकारात आहे. टाकीत तीक्ष्ण कडेवरही थर चांगला बसतो, पण भट्टीत रंग पक्का होण्यापूर्वी काही काळ पातळ होऊन वाहू लागतो आणि पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरकतो. कापणीतील बर, म्हणजे कडेवर उरलेली बारीक धारदार कोर, तसाच राहिला असेल, तर त्याच्या टोकावर थर जवळजवळ उरत नाही. कड किंचित जरी गोलावली तरी मोठा फरक पडतो. कडेवर टिकून राहणारे, भट्टीत कमी वाहणारे रंगही मिळतात, परंतु त्यांच्यात पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा थोडा कमी होतो.

वाद मिटवण्यासाठी एकाच पत्र्यातून काही ब्रॅकेट नेहमीप्रमाणे आणि काही कडा घासून तयार करावेत, एकाच हँगरवर लावून एकत्र कोट करून घ्यावेत आणि एकत्रच सॉल्ट स्प्रे चाचणीला, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात, ठेवावेत. माझ्या मते, ड्रॉइंगवर जाडी लिहिली आणि कडेची स्थिती लिहिली नाही, तर दोष कारागिराचा किंवा कोटरचा (कोटिंग करणाऱ्याचा) ठरण्याआधी ड्रॉइंगचा ठरतो.

हेच वेल्डिंगलाही लागू पडते. मिग वेल्डिंगच्या रेषेवर काचेसारखी चमकदार सिलिकेटची बेटे राहतात. ती वीज वाहून नेत नाहीत, म्हणून त्यांच्यावर थर बसत नाही आणि गंजाला तेथूनच वाट मिळते. वायर ब्रशने ती पूर्णपणे निघतील असे गृहीत धरू नये. कमी सिलिकॉनची वायर आणि शील्डिंग वायूतील ऑक्सिडीकारक घटकांचे कमी प्रमाण यांनी ती मुळातच कमी होतात.

प्रश्न : चौकोनी नळ्यांच्या फ्रेम आतून कोऱ्याच राहतात आणि भट्टीतून बाहेर येताना सांध्यांतून रंगाचे ओघळ आलेले असतात. आमचा कोटर आता या फ्रेम घेण्यास नकार देतो आहे. (फॅब्रिकेशन व्यावसायिक)

उत्तर : त्यांचा नकार मला रास्त वाटतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच. पोकळ भागात द्रव शिरला पाहिजे, हवा निघाली पाहिजे आणि वीज पोहोचली पाहिजे. यांपैकी एकाची जरी वाट अडली, तरी आत कोरी जागा राहते.

हवेची वाट बहुधा विसरली जाते. भाग टाकीत उतरताना वरच्या टोकाला अडकलेला हवेचा फुगा तेथेच राहतो आणि त्याखालच्या धातूला ना डिग्रीसिंग लागते, ना फॉस्फेट, ना रंग. म्हणून भोके भाग ज्या स्थितीत टांगला जाणार त्या स्थितीतील सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या बिंदूवर हवीत. टांगण्याची दिशा ठरवण्यापूर्वी भोके पाडणे म्हणजे निम्मे काम वाया घालवणे होय. विजेच्या दृष्टीने बंद धातूची नळी ही स्वतःच एक आडोसा असते. भोकाजवळ थर नीट बसतो आणि आत जावे तसा तो पातळ होत जातो. त्यामुळे लांब नळीला टोकाशी एक मोठे भोक देण्यापेक्षा लांबीवर विखुरलेली अनेक भोके अधिक उपयोगी पडतात. सर्व भोके ताकदीचा विचार करूनच द्यावीत, हे सांगणे न लगे.

द्रव निथळला नाही तर नुकसान केवळ आपल्या फ्रेमचे होत नाही. डिग्रीसिंगचे पाणी फॉस्फेटच्या टाकीत आणि फॉस्फेटचे क्षार रंगाच्या टाकीत वाहून जातात, टाकीची विद्युत्‌वाहकता बिघडते आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या कामावर त्याचा परिणाम होतो. कोटरच्या नकारामागे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

ओघळांचा उगम एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या फटीत असतो. धुलाईतून सुटलेला द्रव त्या फटीत दबा धरून बसतो आणि भट्टीत पाणी उकळू लागताच रंगासह बाहेर फेकला जातो. भट्टीपूर्वी हवेचा झोत, भाग तिरका करून निथळणे आणि कमी तापमानावर आधी वाळवणे यांनी ओघळ कमी होतात. ते पूर्णपणे थांबवायचे असतील, तर सांधा सलग वेल्डने बंद करावा लागतो किंवा मुद्दाम इतका उघडा ठेवावा लागतो की त्यातून द्रव सहज निथळेल.

प्रश्न : कोटिंगनंतर काही बोल्ट सहज बसतात, तर त्याच लॉटमधील काही अडकतात. थर तर अवघा २० मायक्रॉनचा आहे. शिवाय अर्थिंगच्या ठिकाणी विद्युत्‌संपर्कही मिळत नाही. (जुळणी विभागातील पर्यवेक्षक)

उत्तर : आट्यांच्या बाबतीत २० मायक्रॉन म्हणजे २० मायक्रॉन राहत नाहीत. ६० अंशांच्या मेट्रिक आट्याच्या दोन्ही उतारांवर थर बसला की पिच व्यास (आट्याच्या उतारांच्या मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या जाडीच्या चौपटीने वाढतो, म्हणजे येथे सुमारे ८० मायक्रॉनने. एम ६ च्या १ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधील अंतराच्या) ६जी या सहनमर्यादेच्या वर्गातील आट्याला किमान मोकळीक २६ मायक्रॉनच दिलेली असते. आटे मर्यादेच्या खालच्या टोकाला कापले गेले असतील तर बोल्ट बसतो, वरच्या टोकाला कापले गेले असतील तर अडकतो. एकाच लॉटमध्ये दोन्ही प्रकार दिसतात ते यामुळे.

महत्त्वाच्या आट्यांवर भट्टीचे तापमान सोसणाऱ्या सिलिकॉन रबराच्या टोप्या किंवा बुचे बसवणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. नंतर टॅप किंवा डाय फिरवून आटे मोकळे करता येतात, परंतु तेथील संरक्षण जाते. वेल्ड नटसाठी रंग खरवडत जाणारे विशेष बोल्टही वापरले जातात. सिलिकॉनच्या टोप्या चालतात म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मात्र कोटिंग विभागाच्या जवळपासही येऊ देऊ नये. त्याचा सूक्ष्म अंश पृष्ठभागावर बसला, तरी रंगात खड्ड्यांसारखे क्रेटर पडतात.

अर्थिंगविषयी बोलायचे तर पक्का झालेला थर हा चांगला विद्युत्‌रोधक असतो आणि तेथे संपर्क न मिळणे हेच अपेक्षित आहे. तो बिंदू झाकून ठेवावा किंवा थर कापून आत शिरणारा दातेरी वॉशर वापरावा. दोन्ही प्रकारे तेथे उघडा धातू राहतो, म्हणून अर्थिंगची जागा पाणी न साचणाऱ्या बाजूस निवडावी. हँगरचा हूक जेथे टेकतो तेथेही असाच कोरा ठिपका राहतो. ही जागा कोटरवर न सोपवता ड्रॉइंगवर दाखवावी.

प्रश्न : हे कोटिंग बहुधा काळे किंवा करडेच का दिसते? उघड्यावर ठेवायच्या वस्तूंना ते चालेल का, की त्यापेक्षा पावडर कोटिंग बरे? (वाचक)

उत्तर : एका टाकीत एकच रंग भरता येतो आणि तो बदलायचा तर आतील सर्व द्रव बदलावा लागतो, म्हणून सर्वांना चालतील असेच रंग ठेवले जातात. इपॉक्सीचे हे थर उन्हातील अतिनील किरणांनी भुरभुरीत होतात आणि खडूसारखी पूड सुटू लागते. त्यामुळे उघड्यावरील वस्तूंना वरून दुसरा थर देणे आवश्यक ठरते. उन्हात टिकणारे अॅक्रिलिक प्रकारही आहेत, परंतु गंजरोधात ते इपॉक्सीच्या तोडीचे नसतात. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो, उन्हासाठी योग्य पावडर निवडता येते आणि रंगांना तोटा नाही. मात्र खोल कोपऱ्यांत आणि पोकळ्यांत ती नीट पोहोचत नाही. गंज आणि ऊन दोन्ही असतील, तर आधी सीईडी आणि वरून पावडर अशी जोडीच घ्यावी.

प्रश्न : १००० तासांची सॉल्ट स्प्रे चाचणी उत्तीर्ण म्हणजे किती वर्षे गंज नाही, असे समजावे? (खरेदी विभाग)

उत्तर : असे कोणतेही रूपांतर नाही, आणि जो ते छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आयएसओ ९२२७ नुसार न्यूट्रल सॉल्ट स्प्रे चाचणीत लिटरला ५० ग्रॅम मिठाच्या द्रावणाचा फवारा ३५ अंश सेल्सिअसवर अखंड चालू असतो. प्रत्यक्ष वापरात भाग भिजतो, वाळतो, तापतो, त्यावर खडी आपटते आणि चिखल साचून राहतो. यांपैकी काहीही या चाचणीत घडत नाही, म्हणूनच मोटार उद्योगाने ओले आणि कोरडे टप्पे आलटून पालटून घेणाऱ्या चाचण्या स्वीकारल्या. सॉल्ट स्प्रेचा खरा उपयोग तुलनेचा आहे: कालच्या लॉटपेक्षा आजचा लॉट घसरला का, हे त्यावरून कळते. पुरवठादाराला तास विचारताना थरावर मुद्दाम धातूपर्यंत चिरा दिला होता का, चिऱ्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला, चाचणी नमुना पट्टीवर झाली की प्रत्यक्ष भागावर, आणि कडा झाकल्या होत्या का, हेही विचारावे. पट्टीवरील १००० तास आणि वेल्ड केलेल्या, कापलेल्या कडांच्या भागावरील १००० तास यांत फार मोठे अंतर असते.

प्रश्न : सुटीच्या दिवशीही रंगाच्या टाकीचे पंप चालूच ठेवतात. ही वीज वाया जात नाही का? आणि धुलाईचे पाणी पुन्हा टाकीतच सोडले जाते, त्याने रंग पातळ होत नाही का? (लाइनवरील कामगार)

उत्तर : पंप बंद झाले की पिगमेंट तळाशी बसू लागते. पुन्हा ढवळल्यावर ते सगळे पूर्ववत मिसळत नाही, उरलेले कण भागाच्या आडव्या पृष्ठभागांवर बारीक रवाळ खरखर म्हणून दिसतात. म्हणून वीज गेल्यास पंपांना जनरेटरचा आधार देतात. एका सुटीची वीज वाचवून टाकीभर रंग धोक्यात घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

धुलाईचे ते पाणी बाहेरून आणलेले नसते. टाकीतील रंग अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्यांतून फिरवून त्यातील पाणी आणि विरघळलेले लहान रेणू वेगळे केले जातात आणि त्याच द्रवाने भाग धुतले जातात. शेवटच्या धुलाईकडून पहिल्या धुलाईकडे असा उलटा प्रवास करत, भागांवरून सुटलेला जास्तीचा रंग घेऊन, तो पुन्हा टाकीत येतो. टाकीतून काढलेले पाणी टाकीतच परतते, म्हणून रंग पातळ होत नाही, आणि रंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक वापर होतो तो याच व्यवस्थेमुळे.

आपण विचारले नाही, तरी आम्लाकडेही लक्ष असू द्यावे. रेझिन भागाबरोबर निघून जाते, त्याला तरंगते ठेवणारे आम्ल मात्र मागे उरते. धन अग्रांभोवतीचे पडदे हे जास्तीचे आम्ल त्या अग्रांभोवती फिरणाऱ्या अॅनोलाइट द्रवात ओढून घेतात. पडदा फाटला किंवा त्या द्रवाच्या वाहकतेकडे दुर्लक्ष झाले, तर टाकीचा पीएच घसरतो आणि नुकताच बसलेला थर पुन्हा विरघळू लागतो. थर अचानक पातळ भरू लागल्यास व्होल्टेज वाढवण्याआधी पीएच तपासावा.

प्रश्न : भट्टीचे तापमान बरोबर दाखवत असूनही काही भागांवरचा रंग नखाने निघतो. (वाचक)

उत्तर : दाखवले जाते ते भट्टीतील हवेचे तापमान, २० मिनिटे मोजायची ती धातू त्या तापमानाला पोहोचल्यापासून. एकाच लाइनवर पातळ पत्रा आणि जाड कास्टिंग एकत्र सोडले, तर पत्रा पक्का होऊन जाईल आणि कास्टिंग अद्याप तापतच असेल. वेग पत्र्याला धरून ठरवला तर कास्टिंग कच्चे राहते, कास्टिंगला धरून ठरवला तर पत्र्यावरचा थर अतितापून ठिसूळ होतो आणि त्यावर दुसरा थर नीट धरत नाही. त्यामुळे असे भाग वेगवेगळ्या फेऱ्यांत सोडावेत. थर कच्चा आहे का हे पाहण्यासाठी एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) द्रावकात भिजवलेला पांढरा कपडा थंड झालेल्या भागावर ठरावीक वेळा घासतात. कपड्यावर रंग उतरला किंवा थर मऊ पडला, तर तो पक्का झालेला नाही. हे द्रावक ज्वलनशील असल्याने चाचणी भट्टीपासून दूर, हवेशीर जागी आणि हातमोजे घालून करावी. मात्र घासणी चाचणी दोष घडल्यानंतर सांगते. आधी जाणून घ्यायचे असल्यास लाइनवरील सर्वांत जड भागाच्या सर्वांत जाड जागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून तापमानाचा आलेख घ्यावा आणि भागांचे मिश्रण बदलले की तो पुन्हा घ्यावा.